काना

ॲडमिरल नेरिंगा वारल्या त्याला आज नऊ दिवस झाले.
हे ठाऊक असलेली माणसं चार:
डॉक्टर, उपप्रमुख ओफोरी, शीतगृहाचा पहारेकरी,
आणि मी, क्लाइपेडा जहाजावरची ध्वनिलेखनिक,
जिने नऊ दिवस त्यांना बोलतं ठेवलं.

अवघड नव्हतं. एकतीस वर्षांचा आवाज माझ्या कपाटात.
सोमवारच्या भाषणातलं क्रियापद, पाणीकपातीतला आकडा,
मध्ये एक खोकला, त्यांचा नेहमीचा, वाक्याआधीचा.
तो ऐकला की अकरा जहाजांवर लोक चमचे खाली ठेवत.
आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं लावणार, म्हणतात.
इथे तर फाटायला आभाळसुद्धा नाही.
मी तरी लावत होते.

आज पहाटे
(पहाट म्हणजे दिवे पिवळे होतात ती वेळ)
बातुमीचं इंजिन मेलं.
चौदाशे माणसं मागे पडू लागली,
आधी जहाजाएवढी, मग नखाएवढी, मग ठिपका.
कप्तान बेझान ओरडला नाही.
दर तासाला अंतर वाचून दाखवत राहिला,
किराण्याचा हिशेब सांगावा तसं.

ओफोरी माझ्या खोलीत आले. टोपी हातात.
"माझं कुणी ऐकणार नाही. लेआतुआ तर मुळीच नाही.
त्यांनाच म्हणू दे. एकच शब्द.
थांबा."

शोधलं.
'पुढे' चार हजार दोनशे सहा वेळा.
'चला' त्याहून जास्त.
'नंतर बघू.' 'दुःख आहे, पण.' 'इंधन मोजा.'
'थांबा' नाही.
एकतीस वर्षांत एकदाही नाही.
ताफा तेरा जहाजांचा होता कधीतरी, आठवलं.
तेव्हाही टेप मीच फिरवत होते.

दुपारी सापडला, खाजगी खणात, तारखेविना:
मागे भांड्यांचा आवाज, एक मूल धावतंय,
आणि त्या, धाप लागलेल्या, हसत,
"थांब रे, बुटाची नाडी सुटलीय."

थांब.
एकाच माणसाला. पाच वर्षांच्या.
हुकमाला एक काना कमी.

मग मी 'चला' उघडलं,
त्याची शेपटी कापली, तो लांब आ,
आणि 'थांब'ला जोडला.
जोड बसेना. 'चला' खणखणीत, 'थांब' ओलसर.
कितीदा घासलं. शेवटी तसंच सोडलं.
ओफोरींनी डोळे मिटून मान हलवली.

खोकला. थांबा.

लेआतुआ सगळ्यांत आधी बोलला, आपियावरून:
"आवाज त्यांचा आहे.
पण त्या आमच्याशी असं कधी बोलल्या नाहीत."
इंजिन त्याने बंद केलं नाही. आणखी पाच जणांनी नाही.
ते सहा दिवे पुढे जाताना मी पाहिले,
शिस्तीत, नेरिंगांनी शिकवलेलं अंतर राखून.

चार थांबली, आमचं धरून.
छोट्या होड्या मागे निघाल्या.
किती जणांना पुरतील, कुणी विचारलं नाही.

मग टेमाच्या इंजिनखान्यातून हाक आली,
थेट माझ्या नावाने, मिल्दा.
आइदास. पस्तिशीचा असेल आता.
आईसारखाच वाक्याआधी खोकतो.
टेमाचं इंजिन त्यानेच बंद केलं होतं,
कप्तानाला न विचारता.

"ती नाडी माझी होती," म्हणाला.
मग बराच वेळ काही नाही.
बंद इंजिनाची शांतता
दोन्हीकडून सारखीच ऐकू येते.
"कधी गेली?"

कपाट उघडंच होतं.
त्यातलं काहीही चालणार नव्हतं.
बटण दाबलं. घसा खाकरला.
नऊ दिवस मी माझा आवाज
ऐकला नव्हता.